खरकट्याची कुळकथा

वसईच्या वाडीतल्या जुन्या घरात मोरीच्या तोंडाशी अळू असे आणि अळूच्या पलीकडे केळी. भांडी घासलेलं पाणी, तांदळाचं धुवण, डाळीचा गाळ हे सगळं भिंतीतल्या भोकातून त्या मुळांशी जाई. शितं कोंबड्या टिपत. भाजीची देठं आणि फणसाची सालं गुरांपुढे पडत. मासळी धुतलेलं पाणी नारळाच्या आळ्यात ओतलं जाई. इतक्या जणांनी घेऊनही जे उरे ते परसातल्या खड्ड्यात शेण-पाचोळ्यासोबत कुजे आणि पावसाच्या तोंडावर वाडीत पसरलं जाई. उन्हाळ्यात वाडीतलं तळं, म्हणजे बावखल, आटलं की त्याचा गाळही उपसून त्याच वाडीत. गिरीज, निर्मळ, भुईगाव, आगाशी या पट्ट्यातल्या केळी आणि भाजीपाला या फेऱ्यावर पोसले गेले. खरकटं टाकायचं कुठे, हा प्रश्न त्या घराला पडत नसे. घेणारा दारातच उभा होता.

आता त्याच तालुक्यात वसई पूर्वेपासून विरारच्या ग्लोबल सिटीपर्यंत इमारती उभ्या आहेत आणि नवं किचन करताना सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र बसवावं का, अशी चर्चा घराघरांत निघू लागली आहे. दुकानदार त्याला फूड वेस्ट डिस्पोजर म्हणतात. बटण दाबलं की ओला कचरा पाण्याबरोबर दिसेनासा होतो. हे यंत्र कुठून आलं, कोणत्या गरजेतून आलं आणि त्याच्यामागे काय काय असावं लागतं, हे कळल्याशिवाय ते आपल्या ओट्याखाली शोभेल की नाही ते ठरवता येत नाही.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी झाला. जॉन हॅम्स हा तिथला वास्तुविशारद. स्वयंपाकघरातला कचरा कागदात गुंडाळून बाहेर नेण्यापेक्षा तो सिंकमध्येच दळून टाकता आला तर, या विचाराने त्याने १९२७ मध्ये घरच्या कार्यशाळेत पहिलं यंत्र तयार केलं. पुढची काही वर्षं तो ते सुधारत राहिला. १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९३८ मध्ये त्याने इन्सिंकरेटर ही कंपनी काढली. पहिल्या वर्षी अवघी ५२ यंत्रं विकली गेली. जनरल इलेक्ट्रिकसारखी मोठी कंपनीही १९३० च्या दशकातच या धंद्यात उतरली होती, पण खरा खप दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला. तेव्हा अमेरिकेत नवी घरं झपाट्याने बांधली जात होती आणि त्यातली पुष्कळशी जमिनीखालच्या सांडपाणी वाहिन्यांना जोडलेली होती.

या यंत्राच्या पोटात मिक्सरसारखी पाती असतात असा अनेकांचा समज असतो. ती नसतात. मोटरच्या दांड्यावर एक स्टीलची गोल तबकडी असते आणि तबकडीवर सैल बसवलेले दोन बोथट ठोकळे. तबकडी गरगर फिरू लागली की खरकटं कडेला फेकलं जातं. कडेला दातेरी खिडक्या असलेलं एक स्थिर कडं असतं. ठोकळे खरकटं त्या कड्यावर रगडतात, त्याचा बारीक लगदा होतो आणि वरून सोडलेल्या पाण्यासोबत पाइपात उतरतो. पाणी गारच सोडायचं. गरम पाण्याने तेल-तूप वितळून पुढे जातं, आणि थंड झालं की पाइपाच्या आतल्या बाजूला थर धरतं.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण ते नीट बघून करावं लागतं. आधी सिंकचं जुनं कपलिंग आणि जाळी काढायची. भोक साधारण ९० मिलिमीटरचं लागतं. आपल्याकडचे सिंक निरनिराळ्या मापांचे असतात, म्हणून खरेदीआधी टेप लावलेली बरी. भोकात वरून स्टीलची कडी बसते, तिच्याखाली पुट्टीचा वेढा द्यायचा. खालून रबरी वॉशर, पत्र्याची चकती आणि तीन स्क्रूंची रिंग चढवून ती कडी घट्ट आवळायची. मग यंत्र दोन्ही हातांनी उचलून त्या रिंगेत फिरवून अडकवायचं. जुनं बदलून नवं लावायचं असेल आणि बनावट तीच असेल, तर बहुधा जुन्याच कडीवर भागतं. विजेसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट हवा आणि बटण ओल्या हाताच्या वाटेत नको. दगड, चमचा किंवा हाड अडकून यंत्र थांबलं, तर आधी वीज बंद करायची, बुडाच्या भोकात षट्कोनी किल्ली घालून तबकडी मागे-पुढे हलवायची, अडकलेला जिन्नस चिमट्याने काढायचा आणि मग खालचं लाल बटण दाबायचं. आत हात कधीच घालायचा नाही.

इथवर सारं सुरळीत आहे. अडचण सुरू होते ती पाइपापाशी. आपल्याकडे सिंकखालचा वेस्ट पाइप पुष्कळ ठिकाणी लवचिक, चुण्या असलेला असतो आणि तो जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडून दिलेला असतो. लगदा त्या चुण्यांत बसतो. त्यात आपलं खाणं पाहा: खोबऱ्याचा चोथा, शेवग्याच्या शेंगांची चघळलेली सालं, केळफुलाच्या पाकळ्या, अळूचे देठ, कोलंबीची कवचं, आंब्याच्या कोयी, मक्याच्या कणसाचे केस. धागेदार पदार्थ दळला जात नाही, तो ठोकळ्यांभोवती गुंडाळला जातो. अमेरिकन ताटात उरणारा ब्रेड आणि उकडलेला बटाटा डोळ्यांसमोर ठेवून घडलेलं यंत्र वसईच्या ताटापुढे अडखळतं. कडक, चुण्या नसलेला, पुरेशा उताराचा पाइप टाकला आणि धागेदार जिन्नस बाजूला काढले तर ते चालतं. पण मग डबा काही सुटत नाही.

याहून मोठा प्रश्न पाइपाच्या पलीकडचा आहे, आणि अमेरिकेलाही तो चुकला नव्हता. इंडियाना राज्यातल्या जॅस्पर या छोट्या शहराने १९५० मध्ये घरोघरी हे यंत्र बसवण्याची योजना राबवली. त्यापूर्वी तिथला ओला कचरा डुकरांना घातला जाई. आता तो सगळा सांडपाण्यात जाणार होता आणि गावाजवळ मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र होतं, म्हणून ते जमलं. न्यूयॉर्कमध्ये उलटं घडलं. तिथल्या जुन्या वाहिन्यांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकत्र वाहतं, आणि जोराचा पाऊस आला की ते शुद्ध न होताच नदीत-समुद्रात सुटतं. म्हणून शहराच्या मोठ्या भागात ही यंत्रं लावायला अनेक वर्षं बंदी होती. निवडक इमारतींत चाचण्या घेऊन झाल्यावर ती १९९७ मध्ये उठली. जपानने वेगळी वाट काढली: पुष्कळ बहुमजली इमारतींत यंत्रांसोबत इमारतीच्याच तळाशी लगदा शुद्ध करणारी स्वतंत्र टाकी बांधतात आणि मगच ते पाणी सार्वजनिक वाहिनीत सोडतात. तिन्ही ठिकाणचा धडा एकच आहे. यंत्र खरकटं संपवत नाही, ते पुढे ढकलतं. पुढे घेणारा असेल तरच त्याचा उपयोग.

वसई-विरारमध्ये पुढे कोण आहे? १९९० मध्ये या भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून सिडकोची नेमणूक झाली आणि बांधकामांचा वेग वाढला. या बांधकामांच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. वाड्या, विहिरी आणि गोडं पाणी वाचवणं हा त्या लढ्याचा गाभा होता. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. एवढ्या माणसांचं मैलापाणी शुद्ध करण्यासाठी विरारच्या बोळींज इथे रोज ३० दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं, पण शहराचा मोठा भाग अजूनही इमारतीखालच्या सेप्टिक टाकीवर आणि उघड्या नाल्यांवर चालतो. ते नाले वसईच्या आणि वैतरणेच्या खाडीला मिळतात. सुका-ओला सगळा कचरा गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर जातो, आणि त्या ढिगाऱ्याला लागणाऱ्या आगींचा धूर परिसरातल्या लोकांच्या छातीत उतरतो.

अशा ठिकाणी प्रत्येक सिंकखाली दळणयंत्र लावलं तर लगदा सेप्टिक टाकीत साचेल. टाकी लवकर भरेल, उपसा करणारी गाडी वरचेवर बोलवावी लागेल, चेंबर चोकअप होतील आणि पावसाळ्यात तेच पाणी नाल्यांतून खाडीत जाईल. शिवाय दळायला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या सोसायट्यांना त्याची किंमत सांगायला नको. मला या यंत्राविषयी आकस नाही. कचऱ्याचा डबा उचलून चार मजले उतरणाऱ्या बाईचे कष्ट ते वाचवू शकतं, हे मी जाणतो. पण त्याचं स्थान चुकतं आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि हे ठाम वाटण्यामागे आपल्याच मातीतली दुसरी कुळकथा आहे.

ती सुरू होते होळकरांच्या इंदूरला. तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला आणि घरातला टाकाऊ पाला, शेण, राख, माती यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं आणि ही ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे शेतकऱ्यांच्या ‘नाडेप काकां’नी, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं सुचवलं. थोडं शेण आणि बराच पालापाचोळा एवढ्यावर त्यात खत होई, म्हणून ते गरीब शेतकऱ्यालाही परवडलं.

दुसरा धागा वायूचा. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून जळणारा वायू काढून त्यावर दिवे लावले गेले. नंतरच्या काळात खेडोपाडी गोबर गॅस आला, पण त्याला गुरं लागतात आणि शहरातल्या इमारतीत गुरं नसतात. पुण्याच्या आरती संस्थेतले डॉ. आनंद कर्वे यांनी या गृहीतकालाच हात घातला. वायू करणारे जिवाणू गुराच्या पोटातले; त्यांना शेणाऐवजी पिष्टमय अन्नच दिलं तर? २००३ च्या सुमारास त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांचं छोटं संयंत्र तयार केलं. त्यात उरलेला भात, पोळीचे तुकडे, खराब पीठ दळून, पाण्यात कालवून घालायचं. संस्थेच्या माहितीनुसार अशा दोन किलो अन्नातून एका दिवसात जेवढा वायू मिळतो, तेवढ्यासाठी चाळीसेक किलो शेण आणि चाळीस दिवस लागत. २००६ मध्ये या कामाला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्रकल्प उभा केला. त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्याच पायरीवर एक मोठा मिक्सर असतो. वेगळा केलेला ओला कचरा त्यात पाण्यासोबत दळून लगदा करतात. लगदा आधी हवेशीर टाकीत जातो. तिथे गरम पाण्यात वाढणारे जिवाणू तो कुजवण्याचं अर्धं काम उरकतात. मग तो हवाबंद टाकीत उतरतो, तिथे वायू तयार होतो. शेवटी उरलेला रस वाफ्यांत सुकवून खत म्हणून वापरतात. करवंट्या आणि मोठी हाडं इथेही चालत नाहीत, पण बाकीचं बहुतेक चालतं.

रसीनच्या हॅम्सचं दळणं आणि तुर्भ्याच्या मिक्सरचं दळणं कामापुरतं सारखंच आहे. फरक लगद्याच्या वाटेत आहे. एकाचा लगदा गटारात जातो, दुसऱ्याचा चुलीत आणि मातीत. वसई-विरारसारख्या शहराला ही दुसरी वाट हवी. दळणयंत्र असू दे, पण ते इमारतीच्या पायथ्याशी, एका लहानशा शेडमध्ये, साऱ्या सोसायटीला मिळून एक. प्रत्येक घराने ओलं वेगळं ठेवावं, सफाई कर्मचाऱ्याने किंवा नेमलेल्या माणसाने ते हातमोजे घालून खाली दळावं, आणि लगदा वायुटाकीत किंवा खताच्या टाक्यात जावा. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या निवासी संकुलांना ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करायला सांगितलं होतं. म्हणजे ही वाट कायद्यालाही नवी नाही. आणि या शहराकडे मुंबईच्या बहुतेक उपनगरांकडे नसलेली एक गोष्ट अजून शिल्लक आहे: दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर खत मागणाऱ्या वाड्या. त्या शिल्लक आहेत तोवर खताला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

तेव्हा किचनचं काम काढताना दुकानदाराला यंत्राची हॉर्सपॉवर जरूर विचारा, पण त्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला तीन प्रश्न विचारा: आपली इमारत वाहिनीला जोडलेली आहे की टाकीवर आहे? टाकी शेवटची कधी उपसली? आणि आवारात खताचं टाकं किंवा वायुटाकी बसेल एवढी सावलीची जागा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अडचणीची निघाली, तर तिसऱ्यावर सभेत ठराव मांडा. त्यासाठी वर्गणी काढावी लागेल, पण तिचा फायदा आपल्या शेजारच्या वाडीपर्यंत पोचेल.