दुधनेकाठचा भोंगा

सेलू तालुक्यातील ब्रह्मवाकडी येथे दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे. धरणाखालचे पात्र वर्षातील बहुतेक महिने कोरडे, फार तर डबक्यांपुरते ओले असते. शेतकरी पात्रात मोटारी बसवतात, गुराखी जनावरे उतरवतात, पैलतीरावरच्या शेताची पायवाटही पात्रातूनच जाते. मग एखाद्या सप्टेंबरात वरच्या अंगाला, जालन्याकडे, रात्रभर पाऊस कोसळतो. सकाळी सेलूत मात्र स्वच्छ ऊन पडलेले असते. धरणाचे दरवाजे उचलावे लागतात ते अशा उन्हातही. आभाळाकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला त्या दिवशी आभाळ काहीच सांगत नाही.

अशा वेळी, दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजवावा, असा धरणांवरचा परिपाठ आहे. पण भोंग्याला शब्द नसतात. त्या आवाजाचा अर्थ ‘पाणी येत आहे, पात्रातून बाहेर पडा’ असा आहे, हे ऐकणाऱ्याला कसे कळते? भोंग्याचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो ऐकणाऱ्या कानांचाही इतिहास आहे.

भोंग्याआधी दवंडी होती. हलगी किंवा डफडे वाजवून लोकांचे लक्ष वेधायचे आणि मग खणखणीत आवाजात निरोप सांगायचा, ही रीत गावोगाव चालत आली. दवंडी फार दूर पोहोचत नसे. ती गल्लीगल्लीत फिरवावी लागे. पण तिच्यात काय घडणार, केव्हा घडणार आणि हुकूम कोणाचा, हे सारे असे. भोंग्याने अंतर जिंकले, ते शब्द गमावून.

१८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने भोके पाडलेली तबकडी हवेच्या झोतासमोर फिरवून सूर निर्माण करणारे उपकरण सिद्ध केले. ते पाण्याखालीही वाजत असे, म्हणून ग्रीक पुराणकथांतील समुद्रगायिकांवरून त्याचे नाव ‘सायरन’ पडले. त्या गायिका खलाशांना गोड गाण्याने मोहवून मृत्यूकडे ओढत असत. माणसांना मृत्यूपासून दूर पळवणाऱ्या यंत्राला हे नाव चिकटावे, हा नामकरणाचा एक विलक्षण अपघातच म्हणायचा. पुढे तबकडीची जागा विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या चक्राने घेतली. मोटार वेग घेते तसा सूर चढतो आणि वीज तोडली की उतरतो. वीज जोडत-तोडत राहिले की तो अंगावर काटा आणणारा वर-खाली जाणारा आक्रोश तयार होतो.

महाराष्ट्राच्या कानांवर मात्र भोंगा प्रथम पडला तो घड्याळ म्हणून. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या अर्धशतकात गिरणगाव उभे राहिले. ज्या वस्तीत बहुतेकांकडे मनगटी घड्याळ नव्हते, तिथे गिरणीच्या वाफेचा भोंगा माणसांना उठवी, पाळीवर बोलावी आणि घरी सोडी. मराठवाड्यात नांदेडच्या उस्मानशाही मिलने तेच केले. मनमाडहून परभणीकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात सुरू झाला. त्या मार्गावरची सेलूसारखी गावे कापसाच्या बाजारपेठा बनली आणि या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. कापसाचा हंगाम हिवाळ्याचा. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्याहून उबदार असते. तेव्हा आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा जमिनीकडे वळतो आणि कोसभर दूरच्या शिवारातही स्पष्ट ऐकू येतो. तोच भोंगा वैशाखातल्या दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून वाजला, तर आवाज वरच्या वर उडून जातो.

अनेक नगरपालिकांनीही ठरल्या वेळी भोंगा वाजवण्याची पद्धत पाडली. रमजानमध्ये रोजा सोडण्याची वेळ सांगणारा सायरन कित्येक गावांत रोजा न धरणाऱ्या घरांच्याही दिनक्रमाचा भाग झाला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो, तो मोबाइल आणि दूरचित्रवाणी दीड तास बंद ठेवण्याचा. घड्याळाच्या भोंग्याला कोणी घाबरत नाही. त्याचा अर्थ रोजच्या सवयीतून आपोआप शिकला जातो. धोक्याच्या भोंग्याची अडचण इथेच सुरू होते. तो रोज वाजला तर घड्याळ होतो, आणि कधीच वाजला नाही तर परका राहतो.

धोक्याचा भोंगा भारतीय शहरांच्या ओळखीचा झाला तो युद्धांमुळे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत हवाई हल्ल्यापासून बचावाची व्यवस्था उभी राहिली. पुढे १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी ती पुन्हा जागवली. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग आणि सायरनची दोन अक्षरांची लिपी: वर-खाली जाणारा आवाज म्हणजे आडोसा घ्या, सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. ही लिपी शाळकरी मुलांनाही पाठ होती, कारण ती सरावातून शिकवली गेली होती.

१९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला. त्यातील ‘नागरी संरक्षण’ म्हणजे शत्रूच्या हल्ल्यापासून संरक्षण. पूर, भूकंप, धरणफुटी हे विषय त्या व्याख्येत बसत नव्हते. मजेची गोष्ट अशी, की नागपूरची संबंधित राष्ट्रीय संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली ती आपत्कालीन मदतकार्याच्या प्रशिक्षणासाठी; १९६८ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. आपत्ती व्यवस्थापनाचा कायद्यात रीतसर समावेश झाला तो थेट २०१० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने. तोवर देशातील सायरनचा नकाशा बंदरे, तेलाचे साठे, मोठे कारखाने आणि रेल्वेची जंक्शने यांभोवती आखलेला होता. नदीकाठची खेडी त्या नकाशावर येण्याचे कारणच नव्हते.

हा नकाशा अपुरा आहे, याची खूण मात्र कायद्याच्या सात वर्षे आधी मिळाली होती. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरले होते. त्या रात्रीचे ते काम नसते, तर पूर झोपलेल्या पुण्यावर आला असता. धरण फुटल्यानंतरही पाणी शहरात यायला काही तास होते. तेवढा वेळ पुरेसा ठरू शकला असता. पण सर्वांना एकाच क्षणी, एकाच अर्थाने कळेल असा इशारा पुण्यापाशी नव्हता. बातमी आणि अफवा एकाच वेगाने धावल्या आणि कोणती खरी, हे ज्याने त्याने स्वतःच ठरवले. खडकवासल्याचेही धरण गेले आणि मुठेकाठच्या जुन्या पेठांमधली घरे वाहून गेली.

पुण्यात नसलेला भोंगा भोपाळमध्ये होता. तिथली गोष्ट म्हणूनच अधिक अस्वस्थ करते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा बाहेरच्या वस्तीसाठीचा सायरन वाजला आणि थोड्याच मिनिटांत बंद केला गेला. शेजाऱ्यांत घबराट नको, ही त्यामागची कार्यपद्धती. तो पुन्हा वाजू लागेपर्यंत फार उशीर झाला होता. शिवाय तशाच आवाजाचे भोंगे तिथे एरवीही वेगवेगळ्या कारणांनी आठवड्यातून अनेकदा वाजत असत. काहींना नेहमीचाच आवाज वाटला. काहींना आग लागली असे वाटून ते मदतीसाठी कारखान्याच्याच दिशेने धावले. वायू आला तर ओले फडके तोंडावर धरावे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने जावे, एवढे साधे ज्ञानही त्या वस्तीला कोणी दिलेले नव्हते.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त झाला. धोकादायक उद्योगांना आसपासच्या रहिवाशांपर्यंत माहिती पोहोचवणे बंधनकारक ठरले. १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या परिसरासाठी वर्षातून किमान एकदा सराव सांगितला. चाचणीचा अर्थ इथे पहिल्यांदा नीट लिहिला गेला. चाचणी यंत्राची असतेच: मोटार फिरते का, तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत का. पण वर्षातून एकदा त्या आवाजाखाली उभे राहून, ‘आता कुठे जायचे’ हे शेजाऱ्याला विचारण्याची ती वस्तीचीही संधी असते.

देशभर एकाच वेळी होणारी एक चाचणी मात्र कोणी चाचणी म्हणून ओळखत नाही. ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळण्याचा संकेत सायरनने द्यावा, अशा केंद्र सरकारच्या सूचना आहेत: १० वाजून ५९ मिनिटांपासून ११ पर्यंत एकदा, मौन संपल्यावर ११ वाजून २ मिनिटांपासून ३ पर्यंत पुन्हा. जिथे सायरन नाही तिथे मौन घड्याळाकडे पाहून पाळले जाते. आपल्या गावात भोंगा उरला आहे की नाही, हे अनेक गावांना या एका सकाळी कळते.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्रात त्यासाठी १६ ठिकाणे निवडली होती: मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, भुसावळ, छत्रपती संभाजीनगर आदी. सेलूवरून जाणारा लोहमार्ग जिथून निघतो ते मनमाडही त्यात होते. परभणी जिल्हा नव्हता. यात अन्याय काही नाही. यादी शत्रूच्या दृष्टीने मोलाच्या ठिकाणांची होती आणि दुधनेचा धोका शत्रूकडून येत नाही. पण त्या दुपारी चार वाजता मुंबईतल्या विशीतल्या मुलांनी आयुष्यात प्रथमच वर-खाली जाणारा तो सूर ऐकला. आजी-आजोबांना मात्र तो १९७१ पासून पाठ होता.

नदीवरच्या धोक्याची उदाहरणे दूरची नाहीत. ७ एप्रिल २००५ रोजी, भूतडी अमावास्येनिमित्त, मध्य प्रदेशातील धाराजी येथे नर्मदेत स्नानासाठी जमलेल्या यात्रेकरूंवर इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी आले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढणारे हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले. दोन्ही ठिकाणी धरणे शाबूत होती. फुटले काहीच नव्हते. कोरड्या, ऊन पडलेल्या पात्रात उभ्या असलेल्या परक्या माणसांना त्या नदीची भाषा कोणी शिकवली नव्हती, एवढेच. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आवश्यक केला तो या अशा अनुभवांनंतर.

आता पुन्हा ब्रह्मवाकडी. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या रानात आवाज सहा डेसिबलने खाली येतो. वारा उलटा असेल तर त्याहूनही लवकर विरतो. धरणावरचा भोंगा लगतच्या शिवाराला हलवू शकतो. खाली पूर्णेच्या संगमापर्यंत वसलेल्या सगळ्या गावांना तो ऐकू येणे शक्य नाही. म्हणून विसर्गाचा निरोप तहसील कार्यालयातून तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे, कोतवालाकडे जातो. गावच्या गटात संदेश पडतो, देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो. ‘नदीपात्रात कोणी उतरू नये, मोटारी काढून घ्याव्यात.’ भोंगा जिथे संपतो तिथून दवंडीच पुढे चालू लागते, फक्त हलगीशिवाय. आणि तिच्यात एक पेच आहे. मोटारी काढून घ्या, हा निरोप शेतकऱ्याला नेमका पात्रातच उतरवतो. पाच-दहा हजारांची मोटार आणि पाणी पोहोचायला उरलेला वेळ, हा हिशेब त्याला काठावर उभे राहून करावा लागतो. दरवाजे उघडण्याची वेळ आणि पाणी आपल्या गावाशी येण्याची वेळ यांतले अंतर ज्या गावाला मागच्या वर्षीच्या विसर्गावरून ठाऊक आहे, तिथे हा हिशेब सुटतो.

नवा उपाय म्हणून मोबाइलवरच्या थेट इशाऱ्याची चाचणी सुरू झाली. २० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रात असंख्य फोन एकाएकी मोठ्याने किंचाळू लागले. पडद्यावर मराठीतही लिहिलेले होते, की ही केवळ चाचणी आहे. भोंग्याला दोनशे वर्षांत प्रथमच शब्द फुटले होते. त्याच सकाळी रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीत, आदल्या रात्री कोसळलेल्या दरडीखाली माणसे शोधण्याचे काम चालू होते. चाचणीचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता. तिची वेळ तेवढी तशी आली.

दुधनेच्या पात्रात मोटार सोडवायला उतरलेला माणूस फोन भिजू नये म्हणून तो काठावर, चपलांशेजारी ठेवून जातो.