शपथ आणि दाखला

मुंबई उपनगर जिल्ह्यातून विधानसभेवर २६ आमदार जातात. याच जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. निकालांचा हंगाम आला की त्यांच्या तहसील कार्यालयांत आणि सेतू केंद्रांत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. आमदार आणि रांगेतला विद्यार्थी, दोघांनाही सार्वजनिक तिजोरीतूनच पैसा मिळायचा असतो. आमदारांच्या सवलतींवर घाटकोपर लोकलमध्ये रोज तोंडसुख घेतले जाते, पण ती चर्चा रकमेपाशी सुरू होऊन रकमेपाशीच संपते. पैसा कोणत्या नियमाने मिळतो, हे कुणी विचारत नाही.

राज्यघटनेचा अनुच्छेद १९५ आमदारांचे वेतन व भत्ते ठरवण्याचा अधिकार विधिमंडळालाच देतो. अनुच्छेद ४१ शिक्षणाचा आणि सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगतो, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. कुवतीची अट विद्यार्थ्याच्या वाट्याला आली, आमदाराच्या नाही. पुढचे सगळे यातूनच आले आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर केले. सुमारे ७५ हजारांची मासिक प्राप्ती दीड लाखाच्या पुढे गेली. वाढीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळ वेतनाची सांगड प्रधान सचिवाच्या वेतनाशी घातली गेली. वेतन आयोग आला, महागाई भत्ता वाढला, की आमदाराला वेगळे काही मागावे लागत नाही. माजी आमदाराचे निवृत्तिवेतन दरमहा ५० हजार झाले आणि पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी त्यात दोन हजारांची भर पडते. म्हणजे दोन पूर्ण कार्यकाळ केलेल्या माजी आमदाराला महिन्याला ६० हजार.

हाच आकडा विद्यार्थ्यांच्या बाजूलाही भेटतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत शिकणाऱ्यासाठी तिची रक्कम ठरली भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार आणि निर्वाहाला ८ हजार, एकूण ६० हजार. मात्र वर्षाला. कांदिवलीत किंवा मुलुंडला कॉट बेसिसवर राहणाऱ्याने २० हजारांत वर्ष कसे काढायचे, याचे गणित शासन निर्णयात नाही. घरभाडी चढत गेली आणि पुढची कित्येक वर्षे आकडा तोच राहिला.

याहून बोलका नमुना उपस्थिती भत्त्याचा. पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतील मुलींची गळती थांबावी म्हणून १९९२ मध्ये हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया देण्याचे ठरले. तेव्हा त्या रुपयाला थोडीफार किंमत होती. पुढची तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला. योजना रद्द करण्याची पाळी कुणावर आलीच नाही. महागाईने ते काम परस्पर केले.

‘आमदारांचे लाड बंद करा, पोरांची शिक्षणे होतील’ हे वाक्य मात्र हिशेबात टिकत नाही. दोन्ही सभागृहांचे मिळून ३६६ सदस्य. प्रत्येकावर दरमहा दोन लाख खर्च धरला तर वर्षाला सुमारे ८८ कोटी होतात. त्यातून स्वाधारच्या दराने साडेचौदा हजार विद्यार्थी निभावतील. ही संख्या लहान नाही, पण गरजू विद्यार्थी लाखांत आहेत. आणि लोकप्रतिनिधीला मानधन नसेल तर राजकारण फक्त पैसेवाल्यांचे उरते. इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या सनदेत खासदारांना वेतन द्या अशी मागणी केली ती याच कारणासाठी, आणि १९११ मध्ये ती मान्य झाली. त्यामुळे पगाराला माझा आक्षेप नाही. मला खटकते ते असे की एकाची गरज गृहीत धरली जाते आणि दुसऱ्याला ती सिद्ध करावी लागते.

आमदाराने शपथ घेतली की पात्रता पुरी झाली. विद्यार्थ्याला उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, पडताळणी, आधार जोडलेले बँक खाते हे सगळे लागते, आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी. असल्फ्याच्या डोंगरावर राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईकडे पगारपत्रक कुठून येणार? महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष सरल्यावर खात्यात पडला, तर जूनमधली फी तोवर कुणाकडून तरी आणलेली असते.

हे ‘कुणाकडून तरी’ म्हणजे अनेकदा उपनगरातल्या संस्था. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ, गोरेगावला केशव गोरे स्मारक ट्रस्ट. मध्यमवर्गाने वर्गणीतून संस्था उभारायच्या, ही इथली जुनी सवय. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती-कच्छी वस्तीत ज्ञातीचे न्यास वह्या आणि फीची मदत देतात. या धर्मादायाची मोठी ताकद वेळेवर पोचण्यात आहे: विश्वस्त मंडळ ठरवते आणि धनादेश शाळेच्या नावाने निघतो. उणीव अशी की विश्वस्तांना नाही म्हणता येते. पुन्हा लाभ कुणाला, हाही प्रश्न आहे. १ एप्रिल १९६२ नंतरचा न्यास एखाद्या धर्मापुरता वा जातीपुरता असेल तर आयकर कायद्याने त्याची करमाफी जाते. त्याआधीच्या ज्ञाती न्यासांना ही अडचण नाही. भरीला, नव्या करप्रणालीत देणगीवरची वजावट मिळत नाही. बोरिवलीचा पगारदार दाता देईल तर निव्वळ मनापासून.

आमदार निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी आहे, पण तो मुळात बांधकामे आणि टिकाऊ मालमत्तेसाठी. त्यातून शाळेला वर्गखोली मिळू शकते. त्या खोलीत बसणाऱ्या मुलीची फी भरता येत नाही. नियमामागे कारण आहे, नाहीतर शिष्यवृत्त्या कार्यकर्त्यांच्या घरीच पोचतील. मग जूनमध्ये मुखपृष्ठावर साहेबांचा फोटो छापलेल्या वह्यांचे वाटप आणि गुणवंतांचा सत्कार होतो. तो खर्च कुठून होतो, हे विचारण्याची पद्धत नाही. दुसरीकडे, मार्च २०२२ मध्ये आमदारांसाठी ३०० घरांची घोषणा झाली आणि त्यासाठी गोरेगावचे नाव पुढे आले. टीका झाल्यावर घरे फुकट नाहीत, सुमारे ७० लाखांना आहेत, असा खुलासा आला. परगावच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरच्या छपरावर इतक्या तातडीने खुलासा झालेला आठवत नाही.

उपाय शोधायला लांब जायला नको. पंजाबने २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आले तरी एकच निवृत्तिवेतन असा नियम केला. संसदेने २०१८ च्या वित्त कायद्यात खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी खर्च महागाई निर्देशांकानुसार वाढेल अशी तरतूद केली. तिच्यामुळेच मार्च २०२५ मध्ये मासिक एक लाखाचे एक लाख २४ हजार झाले. हे सूत्र स्वाधार, उपस्थिती भत्ता आणि इतर शिष्यवृत्त्यांच्या शासन निर्णयांत एका ओळीत घालता येते. खासदारांच्या वेतनाला लावला तोच निर्देशांक लावून पाहिला तर १९९२ चा तो एक रुपया २०२४-२५ मध्ये सात रुपयांच्या आसपास जातो.