एक खाडा, दोन दिवसांची मजुरी: मॉरिशसचे मळे आणि आजारपण

परदेशी गेलेल्या मजुरांची गोष्ट आपण नेहमी जहाजापासून सुरू करतो. आज ती दवाखान्याच्या दारापासून बघू या.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. २००६ साली तो जागतिक वारसा झाला. तिथल्या सोळा पायऱ्यांचा फोटो सगळे काढतात, पण त्याच आवारात दवाखान्याच्या खोल्याही होत्या, तिकडे फारसं कोणी वळत नाही. म्हणजे मजुराची तब्येत बघायला हवी हे सरकारला पहिल्यापासून माहीत होतं. निरोगी माणूसच ऊस तोडू शकतो ना!

१८३४ मध्ये 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही गेली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची आपली माणसं होती.

आता मुद्द्याकडे येऊ. मळ्यावर दवाखाना असला पाहिजे, असा कायदा होता. पण त्याच व्यवस्थेत दुसराही एक नियम होता, त्याला 'डबल कट' म्हणत. बिनपरवानगी एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. मग ताप आलेल्या माणसाने काय करायचं? आजार खरा की ढोंग, हे ठरवणार कोण? दवाखाना मालकाचा, डॉक्टरचा पगारही मालकाच्याच हातात. कागदावर सोय होती, पण तिथवर जायची वाट हजेरीच्या वहीतून जात होती. आम्हाला तरी या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच सापडते.

जहाजावर रोग आला तर काय, तेही बघा. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी होती. मजुरांना मुख्य बेटावर घेतलं नाही, गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवून ठेवलं. सुमारे तीनशे माणसं तिथे मेली. ही बातमी आल्यावर हिंदुस्थान सरकारने मॉरिशसची मजूरभरती काही काळ बंद केली. साखरेचं नुकसान व्हायला लागलं, तेव्हा कुठे हालचाल झाली.

मग १८६७ सालचा हिवताप. बेटाची वस्ती जेमतेम साडेतीन लाखांची, आणि एका वर्षात सुमारे तीस हजार माणसं गेली. आणि बघा, नेमक्या त्याच वर्षी करार संपलेल्या मजुरांसाठी पासाचा कडक कायदा आला. पास जवळ नसला की भटक्या म्हणून धरायचे. घरोघर तापाने फणफणलेली माणसं, आणि बाहेर पोलीस पास तपासतायत!

हे सगळं दाबून राहिलं नाही, याचं श्रेय मजुरांना द्यायला हवं. १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेव्हिट्झ याने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला. मळेवाल्यांनी त्यालाच बेटावरून हाकलून द्या म्हणून उलटा अर्ज केला. पण लंडनहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये अहवाल निघाला, आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नसणार. अंगठा किंवा खूण एवढीच त्यांची ताकद.

हिवताप मात्र गेला नाही. १९०७-०८ मध्ये हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस स्वतः मॉरिशसला येऊन पाहणी करून गेले. साठलेलं पाणी हटवा, डबकी बुजवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चाळीस वर्षं माणसं मरत होती, आणि आता कुठे त्यांच्या घराभोवतीच्या डबक्यांकडे कोणाचं लक्ष गेलं.