लास्कर: ब्रिटिश बंदरांतले मुसलमान खलाशी

ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने पोहोचलेले पहिले मुसलमान म्हणजे जहाजांवरचे खलाशी. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या खलाशांपैकी काही प्रवासात मरत, काही हिंदुस्थानच्या बंदरांत पळून जात, तर युद्धाच्या काळात अनेकांना आरमार सक्तीने उचलून नेई. परतीच्या सफरीसाठी माणसे कमी पडली, की कप्तान मुंबई, सुरत, कलकत्ता इथल्या खलाशांची भरती करीत. इंग्रजी कागदपत्रांत या सगळ्यांना सरसकट ‘लास्कर’ म्हटले आहे. त्यांच्यात सिल्हेटचे, कच्छ-काठियावाडचे, पंजाबचे लोक होते, तसेच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमानही होते. टोळीचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली टांडेल, सामानाची राखण करणारा कसाब, स्वयंपाक करणारा भंडारी अशी त्यांची उतरंड असे. पुढे वाफेची जहाजे आली, तेव्हा तिच्यात बॉयलरखोलीतल्या आगवाल्याची भर पडली. सगळेच लास्कर मुसलमान नव्हते. किनारपट्टीचे हिंदू त्यांत होते, आणि प्रवाशांना वाढण्या-सवरण्याचे काम बहुतेक गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे होते. पण इंग्रजांच्या डोळ्यांसमोर लास्कर म्हणून जी मूर्ती उभी राहिली ती मुसलमानाची होती.

ही मूर्ती घडवण्यात कायद्याचा वाटा फार मोठा आहे. १६६० च्या नौकानयन कायद्याने इंग्रजी जहाजांवर तीन-चतुर्थांश खलाशी इंग्रजच असले पाहिजेत असा दंडक घातला होता. त्यामुळे हिंदुस्थानातून भरती केलेला खलाशी लंडनला उतरला की परतीच्या जहाजावर त्याला हक्काने जागा मिळत नसे. पुढची सफर मिळेपर्यंत महिनोन्‌महिने तो पूर्व लंडनच्या गल्ल्यांत थंडीत कुडकुडत काढी. १७८६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘काळ्या गरिबांच्या मदत समिती’ची सुरुवातच अशा उपाशी लास्करांसाठी वर्गणी गोळा करण्यातून झाली. १८१४ साली पार्लमेंटच्या समितीने त्यांच्या हालअपेष्टांची चौकशी केली. त्यानंतर १८२३ मध्ये जो कायदा झाला त्याने शिधा आणि परत पाठवणीचे नियम घालून दिले खरे, पण त्याच कायद्याने असेही ठरवले, की लास्कर राजाचा प्रजाजन असला तरी तो ‘ब्रिटिश खलाशी’ धरला जाणार नाही. हे कलम सगळ्यात घातक ठरले. एकाच जहाजावर, एकाच झेंड्याखाली, तेच दोर ओढणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला कायद्यानेच परका ठरवले. नंतरच्या शंभर वर्षांत लास्करांविषयी जे जे म्हटले गेले, त्याला या परकेपणाचा आधार होता.

१८५७ च्या जून महिन्यात लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या खलाशांसाठी एक वसतिगृह उघडले. त्याची पायाभरणी आदल्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट यांच्या हस्ते झाली होती. जोसेफ सॉल्टर हे मिशनरी या खलाशांत अनेक वर्षे वावरले. त्यांची १८७३ आणि १८९६ सालची पुस्तके लास्करांच्या रोजच्या जगण्याची दुर्मीळ माहिती देतात, मात्र तिच्यावर धर्मांतराच्या ध्यासाची छाप आहे. मुसलमान खलाशी अंधारात चाचपडणारा आहे आणि त्याला उजेड दाखवला पाहिजे, हे सॉल्टर गृहीत धरून चालतात. कथा-कादंबऱ्यांनी याच्याही पुढची मजल मारली. डिकन्सच्या १८७० सालच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत अफूच्या अड्ड्यावर लास्कर पडलेला दिसतो. मराठी वाचकांच्या ओळखीच्या शेरलॉक होम्सच्या १८९१ मधल्या एका कथेत तर अफूचा अड्डा चालवणाराच लास्कर आहे, आणि तो नीच आहे हे वाचकाला पटवण्यासाठी लेखकाला काहीच खटपट करावी लागत नाही. अफूचा व्यापार कोणी वाढवला, त्यासाठी चीनशी दोन युद्धे कोणी केली, याचा या कथांमध्ये मागमूसही नाही.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाफेच्या जहाजांचा काळ सुरू झाला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार लास्कर होते. म्हणजे जवळपास दर सहा खलाशांमागे एक. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांश ते एक-पंचमांश असे. राहण्याची जागाही कायद्यानेच निम्मी केलेली. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला ७२ घनफूट जागा ठरवली होती, हिंदुस्थानच्या कायद्यात ती ३६ घनफूट होती. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. एवढ्या जागेत माणसाने निजायचे, पेटी ठेवायची आणि ओले कपडे वाळवायचे. ‘पी अँड ओ’ ही जहाज कंपनी आणि सरकार यांच्यात या आकड्यावरून वाद झाला, तेव्हा मालकांच्या बाजूने सांगितले गेले, की या लोकांना एवढीच जागा पुरते, त्यांची सवयच तशी आहे.

इथे मालकवर्गाने केलेली स्तुती नीट पाहण्याजोगी आहे. लास्कर दारूला शिवत नाही, उलट बोलत नाही, सारंगाच्या शब्दाबाहेर जात नाही, असे जहाज कंपन्या आवर्जून सांगत. मुसलमानाच्या धर्माचरणाची अशी वाखाणणी व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये क्वचितच ऐकू येई. पण तिचा उपयोग पगार कमी ठेवण्याचे समर्थन करण्यासाठीच होत होता. उष्ण देशातल्या माणसाला उष्णता बाधत नाही, हाही तसलाच सोयीचा समज होता. त्याच्या जोरावर तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांच्या बॉयलरखोल्यांत आगवाले कोळसा ओढत राहिले आणि उष्माघाताने मरतही राहिले. थंडी मात्र त्यांना सोसवत नाही असे धरून, हिवाळ्यात उत्तर अटलांटिककडे त्यांना नेऊ नये अशा अटी करारनाम्यांत घातल्या जात. दयाळूपणाच्या या अटींनी त्या मार्गांवरच्या नोकऱ्या गोऱ्या खलाशांसाठी राखून ठेवल्या. कामगार संघटनांनीही त्यांना आपले मानले नाही. १८८७ मध्ये हॅवलॉक विल्सन यांनी खलाशांची जी संघटना काढली, तिने लास्कर आणि चिनी खलाशांविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवली. स्वस्त मजुरी लादणाऱ्या मालकाऐवजी ती पत्करावी लागणाऱ्या मजुरावर राग काढला गेला.

संकटात लास्कर घाबरतो, जीव वाचवण्याच्या नावा बळकावतो, हा आणखी एक समज. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ हे ‘पी अँड ओ’चे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन सुमारे वीस मिनिटांत बुडाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्यांतले बहुसंख्य जहाजावरचे कर्मचारी होते. इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र हिंदी आणि गोव्याच्या खलाशांनी नावांकडे कशी धाव घेतली, याच्याच बातम्या गाजल्या. चौकशीत जीव वाचवण्याची योग्य व्यवस्था न केल्याबद्दल कप्तान आणि मुख्य अधिकारी यांच्यावर ठपका आला. नावा उतरवण्याचा नीट सरावच नसेल, तर कुठल्याही वंशाची माणसे गोंधळतात. पण लोकांच्या मनात राहिली ती आधीची बातमी.

लिव्हरपूलमध्ये पूर्वग्रह उघड धर्मावर उतरला. तिथले वकील विल्यम हेन्री क्विलियम १८८७ मध्ये मोरोक्कोला गेले होते. परतल्यावर त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्ला हे नाव घेतले. माउंट व्हर्नन स्ट्रीटवर त्यांनी घेतलेली पहिली जागा घरमालकाने त्यांचा धर्म कळल्यावर काढून घेतली. १८८९ च्या नाताळात ब्रोअम टेरेस इथल्या ८ क्रमांकाच्या घरात मशीद आणि मुस्लिम संस्था सुरू झाली. त्या घरातून अजान दिली जाऊ लागली, तशी खाली गर्दी जमू लागली. वर बांग देणाऱ्यावर आणि नमाजासाठी आत शिरणाऱ्यांवर चिखल, दगड, शेण, काचांचे तुकडे फेकले जात. मार खाणाऱ्यांत लिव्हरपूलमध्येच जन्मलेले, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारे, इस्लाम स्वीकारलेले गोरे स्त्री-पुरुष होते. त्यामुळे हा केवळ रंगाचा द्वेष होता असे म्हणता येत नाही. संस्थेने ‘द क्रेसेंट’ हे साप्ताहिक चालवले, अनाथ मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि बंदरात मेलेल्या लास्करांचे दफन रीतीप्रमाणे व्हावे याची काळजी घेतली. ज्या खलाशाच्या मयताला खांदा द्यायला त्या शहरात कोणी नव्हते, त्याच्यासाठी हे घर किती मोठा आधार असेल, हे वेगळे सांगायला नको.

मुसलमानाची निष्ठा दुसरीकडे असते, हा आरोपही इथेच धारदार झाला. १८७६ पासून उदारमतवादी नेते ग्लॅडस्टन यांच्या प्रचारामुळे ब्रिटनमध्ये तुर्कांविरुद्ध जनमत तापले होते. १८९४ मध्ये तुर्की सुलतानाने क्विलियमना ब्रिटिश बेटांचे शेख-उल-इस्लाम नेमले. १८९६ मध्ये ब्रिटिशांच्या सुदान मोहिमेत मुसलमानांनी मुसलमानांविरुद्ध लढू नये असा फतवा त्यांनी काढला, तेव्हा त्यांच्यावर राजद्रोहाचा शिक्का बसला. १९०८ मध्ये क्विलियम शहर सोडून गेले आणि संस्था मोडली.

पहिल्या महायुद्धात तीन हजारांवर लास्कर मेले. युद्ध संपताच, १९१९ मध्ये, ग्लासगो, साउथ शील्ड्स, हल, लिव्हरपूल, कार्डिफ या बंदरांत जमाव आफ्रिकी, कॅरिबियन, अरब आणि हिंदी खलाशांच्या वस्त्यांवर चालून गेले. साउथ शील्ड्समध्ये खलाशांच्या संघटनेची वर्गणी भरूनही येमेनी खलाशांना कामावर घ्यायचे नाकारण्यात आले, त्यातून मारामारीला तोंड फुटले. कार्डिफमध्ये मारल्या गेलेल्यांत महंमद अब्दुल्ला हा अरब आगवाला होता. साउथ शील्ड्समधले हे येमेनी एडनमार्गे आलेले, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते. ब्रिटनमधल्या बंदरातच नोकरीवर चढत असल्यामुळे त्यांना गोऱ्यांइतका पगार मिळे. म्हणून ‘स्वस्त मजूर’ हा आक्षेप त्यांना लागू पडत नव्हता. तरीही राग त्यांच्यावरच निघाला.

सरकारने दंगेखोरांना आवरण्यापेक्षा खलाशांना मोजून वेगळे काढणे पसंत केले. १९२५ च्या रंगीत परदेशी खलाशांविषयीच्या हुकुमाने ब्रिटिश प्रजाजन असल्याचा पुरावा न देऊ शकणाऱ्या प्रत्येक गौरेतर खलाशाने पोलिसांत नोंद करणे सक्तीचे झाले. कार्डावर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असे. प्रजाजन असल्याचा पुरावा कोकणातल्या किंवा एडनच्या डोंगरातल्या गावी जन्मलेल्या माणसाने आणायचा कुठून? गावात जन्माची नोंदच नसे. कार्डिफच्या पोलिसांनी तर युद्धात जहाजावर चाकरी केलेल्या खऱ्याखुऱ्या प्रजाजनांनाही परदेशी म्हणून नोंदवले. २ ऑगस्ट १९३० रोजी साउथ शील्ड्सच्या मिल डॅमवर अरब आणि सोमाली खलाशांसाठी लावलेल्या वेगळ्या पाळीपद्धतीवरून दंगल झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. अनेक अरबांना तुरुंगवास झाला आणि नंतर कित्येकांना देशाबाहेर काढण्यात आले. १९३५ मध्ये मालवाहू जहाजांना सरकारी अनुदान देताना ब्रिटिश खलाशांना प्राधान्य देण्याची अट घातली गेली, आणि ब्रिटिश म्हणजे गोरा असा अर्थ लावून कार्डिफच्या काळ्या आणि अरब खलाशांची कामे काढून घेण्यात आली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा आज्ञाधारक म्हणवल्या गेलेल्या लास्करांनी एकापाठोपाठ एका बंदरात काम थांबवले. जास्त पगार हवा, नाहीतर पाणसुरुंग पेरलेल्या समुद्रात जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेकडो जणांना तुरुंगात टाकण्यात आले, तरी पगारवाढ पदरात पडलीच. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या मृतांचेही तिथेच. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांचे भव्य स्मारक आहे. एकाच जहाजावर बुडालेल्यांची आठवण अशी वेगवेगळ्या खंडांत विभागली गेली.

१९२५ चा हुकूम १९४२ मध्ये मागे घेतला गेला. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने साम्राज्यातल्या प्रजाजनांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क स्पष्ट केला. युद्धानंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत आणि लंडनच्या खाणावळींत जे मुसलमान दिसू लागले, त्यांतले पहिले बरेचसे जहाज सोडून उतरलेले खलाशीच होते. १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने वांशिक भेदभावाला बंदी घातली. पण त्या कायद्यात धर्माचा उल्लेख नव्हता, त्यामुळे केवळ मुसलमान म्हणून नोकरी नाकारली गेलेल्याला २००३ पर्यंत थेट दाद मागता येत नव्हती. शिवाय १९७६ च्या कायद्यात परदेशात भरती केलेल्या खलाशांचा अपवाद ठेवला होता. त्यांना कमी पगार देणे कायदेशीरच राहिले. २०११ च्या नियमांनी युरोपातल्या आणि करार असलेल्या काही देशांतल्या खलाशांपुरता हा भेद बंद केला; बाकीच्यांना तो लागू राहिला.