गणितानें हालविलेला हात

इ. स. १९७२ सालीं अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत एडविन कॅटमल नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या डाव्या हाताचा साचा घेऊन प्लास्टरचा हात तयार केला. साच्यांतून हात सोडवितांना त्यावरील केंसहि उपटले गेले, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. त्या प्लास्टरच्या हातावर त्यानें सुमारें ३५० लहान त्रिकोण व बहुकोन आंखले, कोनबिंदूंचीं स्थानें मोजलीं आणि ते आंकडे संगणकास पुरविले. फ्रेड पार्क या सहाध्यायाच्या साहाय्यानें केलेल्या त्या लहानशा चित्रपटांत तो हात बोटें मिटतो, उघडतो. कॅमेऱ्यापुढें मात्र तो कधींच हालला नव्हता.

‘भूमिति शिकून उपयोग काय?’ असें विचारणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असत. हें उदाहरण जणूं त्यांच्यासाठींच घडलें. आलेखाच्या कागदावर आपण बिंदूला दोन अंक देतों. येथें तिसरा अंक खोलीचा. वस्तु फिरवावयाची म्हणजे तिच्या सर्व बिंदूंचे अंक नियमानें बदलावयाचे. मग सपाट पडद्यावर आणतांना दूरचें लहान दिसावें म्हणून त्यांस अंतरानें भागावयाचें. या भागाकारांत त्रैराशिकापलीकडे फारसें कांहीं नाहीं.

खरी अडचण निराळीच. मुठीआड गेलेलें बोट दिसूं नये, हें यंत्रास कसें कळावें? कॅटमलनेंच १९७४ च्या आपल्या प्रबंधांत युक्ति सांगितली: पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यासाठीं तेथें आलेल्या पृष्ठाचें अंतर लिहून ठेवावें, व त्याहून जवळचें पृष्ठ आलें तरच रंग बदलावा. युक्ति साधी, पण त्या काळीं यंत्राची स्मरणशक्ति इतकी महाग होती कीं ही उधळपट्टीच वाटावी. तत्पूर्वीं, १९७१ सालीं, त्याच विद्यापीठांत आंरी गूरो यानें कोनांवरील उजेड मोजून तो मधल्या पृष्ठावर क्रमाक्रमानें पसरविण्याची रीत काढली होती. तिच्यामुळें पैलूदार आकृति गुळगुळीत दिसूं लागली.

चलनाचें तत्त्व जुनेंच आहे: सेकंदाला २४ चित्रें. चित्रकार मुख्य मुद्रा ठरवितो, मधल्या अवस्था यंत्र भरतें. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणें या रीतीनें केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ऐशीं मिनिटांस एक लाखाहून अधिक चित्रें लागतात.

करमणुकीपेक्षां मला दुसरे उपयोग महत्त्वाचे वाटतात. व्हॉयेजर यानांचा १९७९ मधील गुरूजवळून झालेला प्रवास जिम ब्लिन यानें पॅसाडेना येथील प्रयोगशाळेंत गणितानें चितारला. यानच दिसावें अशा ठिकाणीं दुसरा कॅमेरा असणें शक्यच नव्हतें. मार्ग गणितानें काटेकोर, तरी तें छायाचित्र नव्हे. अशा चित्राखालीं तसें स्पष्ट लिहावें, असा माझा आग्रह आहे. कारण चुकीच्या अंकांचें चित्रहि तितकेंच गुळगुळीत निघतें.

रुग्णालयांत तर हा प्रश्न जिवाशींच भिडतो. शरीराच्या पातळ छेदांचीं क्ष-किरणांनीं घेतलेलीं चित्रें एकावर एक रचून हाडाची किंवा हृदयाची आकृति पडद्यावर फिरवितां येते, आणि ती पाहून शस्त्रवैद्य कोठें चिरावें तें ठरवितो. पण दोन छेदांमधला भाग यंत्रानें अंदाजानें भरलेला असतो, आणि बारीक भेग नेमकी तेथेंच असूं शकते. म्हणून कसलेले वैद्य फिरत्या आकृतीबरोबर मूळचे छेदहि एकेक करून पाहतात.