कुडाच्या भिंतीचा इतिहास



जुनी वास्तू दाखवा म्हटलं, की आपण डहाणूचा किल्ला दाखवतो. पोर्तुगीजांकडून तो १७३९ साली मराठ्यांनी घेतला. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं कुडाचं घर हीसुद्धा जुनी वास्तूच आहे. आणि तिचा इतिहास बायांच्या हातांनी लिहिलेला आहे.

हे घर लाकडी खांबांवर उभं राहतं. छपराचा भार खांब घेतात, भिंत घेत नाही. म्हणून भिंतीला कारवी पुरते. कारव्या शेजारी शेजारी बांधायच्या, वरून माती आणि शेणाने लिंपायचं. बारीक फटींतून वारा खेळतो, चुलीचा धूर छपरातून निघून जातो. एखादी कारवी कुजली तर तेवढीच बदलायची. लिंपण आणि सारवण बायांचं.

वारल्यांच्या घरी लग्न ठरलं की ही भिंत गेरूने लाल होते. तिच्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही.

पण लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी कितीतरी जोडपी जमीनदाराकडे जन्मभर राबली. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो आदिवासी जमले आणि वेठ नाकारून उठले. गोदावरी परुळेकरांनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. चौकाच्या भिंतीमागे हा लढाही आहे.

पुढे १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून हे चित्र कागदावर आलं आणि जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर चौक लिहिले, त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

आता घरकुल येतंय. पक्कं घर हवंच, गळकं छप्पर कोणी का सोसावं? फक्त कूड पाडण्याआधी गटाने एक काम करावं. मोबाईलवर घराचे आतून-बाहेरून फोटो काढा. खांब, आढं, वासे कुठल्या लाकडाचे ते म्हाताऱ्यांना विचारा. चौक कोणी लिहिला, धवलेरी कोण होती, तेही गटाच्या वहीत लिहा. नव्या घरातही एक भिंत चौकासाठी ठेवा. किल्ल्याची नोंद सरकार ठेवतं. आपल्या घराची आपणच ठेवायची.