मीटरची केबल पुन्हा पुन्हा का तुटते? राजूर परिसरातल्या जीपचा एक छोटा इतिहास

राजूरला इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण रतनगडाकडे, राघोजी भांगरे यांच्याकडे किंवा भंडारदरा धरणाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आपण याच रस्त्यांवर धावलेल्या एका यंत्राचा इतिहास बघणार आहोत. ते यंत्र म्हणजे जुनी जीप, आणि तिच्याकडे बघायचं ते तिच्या एका लहान भागातून, स्पीडोमीटरच्या केबलमधून. ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांना हा भाग चांगलाच माहीत असेल. केबल तुटते, आपण नवी टाकतो, दोन महिन्यांत तीही तुटते, आणि शेवटी कंटाळून मीटर बंदच ठेवलं जातं. हे असं का होतं, आणि मीटर बंद राहिलं की आपण काय गमावतो, असे दोन प्रश्न आज घेऊ.

आधी ही गाडी आपल्याकडे आली कशी ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लगेचच, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, आपल्याकडे ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच कंपनीने मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढे गाडी इथेच बनू लागली. सीजे-३बी नावाचं, उंच बॉनेटचं मॉडेल विलीजने १९५३ मध्ये आणलं आणि अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या गाड्या पुढे अनेक वर्षं निघत राहिल्या. म्हणून १९४० च्या दशकातलं तंत्र आपल्या वाड्यावस्त्यांवर नंतर कितीतरी काळ रोजच्या वापरात राहिलं. केबलही त्यातच आली.

आता ही जीप अकोले तालुक्याच्या या डोंगराळ पट्ट्यात कशासाठी लागली? धरणाचं काम १९१० ते १९२६ असं चाललं, तेव्हा रस्ते, वाहतूक, मजूर हे सगळं इथे आलं. पण गावोगावी जीप पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि विकास गट म्हटला की गटविकास अधिकारी आणि त्याची जीप, असं चित्रच देशभर तयार झालं. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून जीप मिळाल्या. पुढे राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आलं. सरकारी जीप जुनी झाली की तिचं निर्लेखन होतं, लिलाव होतो, आणि ती खाजगी माणसाच्या हातात येते. मग तीच गाडी बाजाराच्या दिवशी प्रवासी भरून निघते. विठा घाट, बारीचा घाट, रतनवाडी, साम्रद, घाटघर हे रस्ते ज्याने पाहिलेत त्याला त्या गाडीचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको.

सरकारी जीपबरोबर आणखी एक वस्तू यायची, ती म्हणजे लॉगबुक. निघतानाचं मीटरचं वाचन, परतल्यावरचं वाचन, कुठे गेलो, कशासाठी गेलो, डिझेल किती भरलं आणि खाली सही. डिझेलचा हिशोब, चालकाचा प्रामाणिकपणा, अधिकाऱ्याचा दौरा खरंच झाला की कागदावरच राहिला, हे सगळं त्या आकड्यांवर तपासलं जायचं. आणि आकडे कशावर चालायचे? डॅशबोर्डमागच्या एका बोटभर जाडीच्या केबलवर. केबल तुटली की गाडी धावत राहते, पण आकडा थांबतो. मग रकान्यात अंतर लिहायचं ते अंदाजाने. लसीकरणाची गाडी शेवटच्या वाडीपर्यंत गेली होती, की डांबर संपलं तिथूनच वळली? मीटर चालू असेल तर चार-पाच किलोमीटरचा फरक दिसतो. बंद असेल तर दोन्ही फेऱ्या कागदावर सारख्याच दिसतात. केबलच्या दुरुस्तीत पणाला काय लागलेलं असतं, ते इथे आहे.

आता यंत्राकडे येऊ. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये बर्लिनमध्ये ज्या वेगमापकाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर जीपचं मीटर चालतं. ट्रान्सफर केसच्या मागच्या अंगाला, मागच्या प्रॉपेलर शाफ्टबरोबर फिरणारी एक छोटी गरारी असते. ती केबलची आतली तार फिरवते. तार मीटरमध्ये जाऊन एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे धरते आणि काटा वेग दाखवतो. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र थेट दातेरी चाकांनी फिरतात.

एवढं कळलं की निम्मं निदान गाडीत बसल्या बसल्या होतं. आकडे फिरतात पण काटा मेला, तर केबल ठीक आहे, दोष मीटरच्या आत आहे. काटा आणि आकडे दोन्ही थांबले, तर केबल किंवा गरारी. काटा थरथरतो, उड्या मारतो, तर केबल अजून जिवंत आहे, पण कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. हा तिसरा टप्पा म्हणजे इशारा असतो, आणि बहुतेक वेळा आपण त्याकडे दुर्लक्ष करतो.

पुढची पायरी सोपी आहे. केबलचं वरचं टोक मीटरपासून सोडवा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि सपाट जागी दोघांनी हळू ढकला. मैलांच्या मीटरच्या जुन्या जीपमध्ये केबल एका मैलाला सुमारे १००० फेरे घेते, म्हणजे किलोमीटरला ६२० च्या आसपास. पाच मीटर गाडी सरकली की तारेचं टोक साधारण तीन फेरे घेताना दिसलं पाहिजे. फिरलं तर खालचं सगळं शाबूत आहे. नाही फिरलं तर तार बाहेर ओढून बघा. तार अखंड असेल तर गरारीचे दात गेलेत किंवा तारेचं चौकोनी टोक झिजून गोल झालंय.

आणि तार तुटलेली निघाली तर? इथेच सगळ्यांची गल्लत होते. तुटलेलं टोक गरारीजवळ सापडलं की गरारीला दोष दिला जातो. ओलं धोतर पिळताना काय होतं ते आठवा. एकाने टोक फिरवलं आणि दुसऱ्याने दुसरं टोक घट्ट धरलं, तरच पीळ बसतो. दुसऱ्याने सोडून दिलं तर धोतर नुसतं गोल फिरेल. केबलचं तसंच आहे. गरारी फिरवते, तार पिळून तुटली, याचा अर्थ पुढे मीटरच्या बाजूला कोणीतरी तिला धरून ठेवलं होतं. शिवाय वाटेतलं सगळं घर्षण आणि मीटरचं ओझं मिळून सर्वांत जास्त ताण खालच्या टोकावर येतो, म्हणून तार बऱ्याचदा खालीच तुटते. कारण मात्र तुटल्या जागेपासून मीटरपर्यंतच्या वाटेवर शोधायचं. याला एक अपवाद आहे. तार मधेच, एखाद्या वळणावर तुटली असेल आणि तिचे धागे ब्रशसारखे पसरले असतील, तर ती पिळाने गेलेली नाही, वाकून वाकून थकली आहे.

धरून ठेवणारे कोण कोण असू शकतात? पहिला संशयित मीटर. त्याच्या आतला बूश सुकला किंवा जुनं ग्रीस गोंदासारखं झालं की मीटर जड फिरतं. जुन्या तारेचा चौकोनी तुकडा मीटरच्या भोकात घालून दोन बोटांनी फिरवा. सहज फिरला पाहिजे. अडखळला तर नवी केबल टाकण्यात अर्थ नाही, ती पण जाणारच.

दुसरा संशयित वळण. केबल बॉडीच्या पत्र्यातून आत येते तिथे रबर नसलं, क्लिप तुटलेली असली, किंवा कोणी वायरिंग करताना ती करकचून बांधली असली, की एक तीव्र कोन तयार होतो. चाळीस किलोमीटरच्या एका फेरीत तार जवळजवळ २५,००० फेरे घेते. त्या कोनात ती प्रत्येक फेऱ्याला एकदा वाकते. असं असेल तर दोन महिन्यांत तार गेली यात नवल नाही. वळण मोठं, पसरट ठेवा. सायलेन्सरपासून लांब ठेवा. आणि थोडी ढील द्या. केबलचं खालचं टोक गिअरबॉक्सच्या बाजूला, वरचं बॉडीत. खडबडीत रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात. फाउंडेशन रबर बसलेले असतील तर हे हलणं आणखी वाढतं आणि ताणून बसवलेली केबल ओढली जाते.

तिसरा संशयित लांबी. दुकानात मिळालेली केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार किंचित जास्त लांब असली तर नट आवळल्यावर ती मीटरला आतून रेटत राहते. आखूड असली तर चौकोनी टोक पुरतं बसत नाही आणि घासून गोल होतं. वरचा नट आवळण्याआधी तार हाताने थोडी पुढेमागे हलली पाहिजे.

चौथा संशयित पाणी आणि तेल. घाटघर-रतनवाडी हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा पट्टा. ओढ्यातून गाडी गेली की खालच्या टोकातून पाणी शिरतं, ग्रीस धुतलं जातं, गंज धरतो. उलट गरारीचं ऑइल सील गेलं असेल तर गिअरचं तेल फिरत्या तारेबरोबर स्क्रूसारखं वर चढतं आणि थेट मीटरमध्ये पोहोचतं. काचेच्या आत तेलकट डाग दिसला तर सील बदला. ग्रीस लावतानाही हेच लक्षात ठेवा: खालच्या दोन तृतीयांश भागाला पातळ थर, वरची वीतभर तार जवळजवळ कोरडी. जास्त ग्रीस म्हणजे जास्त आयुष्य, हा समज इथे घात करतो.

आणि केबल टिकली तरी एक गोष्ट तपासायची राहते. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आली आणि मैलांची जागा किलोमीटरने घेतली. बदललेलं मीटर त्या गाडीच्या गरारीशी जुळतं का, हे बघावं लागतं. टायर मोठे घातले तरी आकडा कमी पडतो. परीघ आठ टक्क्यांनी वाढला तर १०० किलोमीटरला मीटर ९३ च्या आसपास दाखवतं. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड धरून एकदा ताळा करून घ्यावा.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यातून एक काम आहे. जुनी लॉगबुकं अनेक कार्यालयांत आणि काही घरांत पडून असतात आणि रद्दीत जातात. ती जपा. वाचताना आकड्यांची रांग बघा. वाचन दिवसेंदिवस वेगवेगळं वाढत असेल तर मीटर चालू होतं. महिनाभर प्रत्येक फेरी पाच-दहाच्या पाढ्यात बसत असेल, तर त्या काळात केबल तुटलेली असण्याची शक्यता धरा, आणि त्या नोंदीवरून कोणती गाडी कोणत्या वाडीपर्यंत पोहोचली हे ठरवण्याआधी दुसरा पुरावा शोधा. ज्यांच्याकडे अजून जीप आहे त्यांनी नवी केबल आणण्याआधी तुटलेली तार फेकू नये. ती टेबलावर सरळ ठेवावी, कुठे तुटली ते बघावं, आणि तिथून मीटरपर्यंत बोट फिरवत जावं.

प्रश्न असतील तर आता घेऊ.